छातीत कण्यालगत गाठ, वय १४ महिने: आधी काढायची, आधी आटवायची की नुसती पाहायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली १४ महिन्यांची मुलगी, वजन ९.४ किलो. महिनाभर खोकला हटेना म्हणून एक्सरे काढला, तर डावीकडे कण्यालगत गोल सावली दिसली. सीटी स्कॅनमध्ये तिसऱ्या ते सातव्या मणक्याच्या पातळीवर ५.५ सेंटिमीटरची गाठ, आत कॅल्शियमचे कण, महाधमनीला ‘लागून’, आणि दोन मणक्यांमधल्या छिद्रातून थोडीशी आत शिरलेली. लघवीतलं व्हीएमए, म्हणजे अशा काही गाठी सोडतात ते रसायन, वाढलेलं. पोटाची सोनोग्राफी साफ. तीन ठिकाणी विचारलं. एकाने ‘लगेच ऑपरेशन करा’ म्हटलं, दुसऱ्याने ‘आधी केमो’, तिसऱ्याने ‘या वयात आपोआप विरतेसुद्धा, थोडं थांबा’. आता ऐकायचं कोणाचं?

तिघांपैकी कोणीही चुकीचं सांगितलेलं नाही. एकाच आजाराच्या तीन वेगवेगळ्या रूपांना ती तीन उत्तरं लागू पडतात, आणि तुमच्या मुलीचा आजार त्यातल्या कुठल्या रूपाचा आहे हे हातातल्या रिपोर्टवरून अजून ठरत नाही. ते ठरवायला साधारण दहा-पंधरा दिवस आणि चार-पाच तपासण्या लागतात. तेवढे दिवस द्या. अपवाद फक्त तातडीच्या लक्षणांचा, तो खाली सांगतो.

या वयात, या जागी, व्हीएमए वाढलेलं आणि गाठीत कॅल्शियम, म्हटलं की पहिलं नाव न्यूरोब्लास्टोमाचं येतं, म्हणजे नसांच्या कोवळ्या पेशींच्या, लहान मुलांत होणाऱ्या कॅन्सरचं. कण्याच्या दोन्ही बाजूंनी सिम्पथेटिक नसांची साखळी मानेपासून ओटीपोटापर्यंत उतरते. गर्भात तिच्या पेशी ज्यांपासून घडतात त्यातल्या काही अर्धवट राहतात आणि वाढत सुटतात. बहुतेक गाठी पोटात, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत होतात. छातीत होणाऱ्या पाचातली एक किंवा त्याहून थोड्या कमी. पण छातीतल्या गाठींचा स्वभाव पोटातल्यांपेक्षा सरासरीने सौम्य असतो, आणि वय १८ महिन्यांच्या आत असेल तर आणखी सौम्य. या आजारात वय हे रक्ताच्या कुठल्याही तपासणीइतकंच बोलकं असतं.

तरी नाव पक्कं करण्याआधी दोन-तीन गोष्टी बाजूला सारायला हव्यात. आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो टीबीच्या संशयात. छातीत सावली आणि खोकला दिसला की काही ठिकाणी पुरावा नसताना टीबीची औषधं सुरू होतात आणि ‘दोन महिन्यांनी पाहू’ असं ठरतं. टीबीच्या गाठी बहुधा श्वासनळीच्या फाट्याजवळ, म्हणजे छातीच्या मध्यभागी असतात. मागे कण्याला चिकटून कॅल्शियमचे कण असलेली एकच गोल गाठ हे टीबीचं नेहमीचं चित्र नव्हे. दुसरी गल्लत थायमस ग्रंथीची. तान्ह्या बाळात ती मोठी असते, एक्सरेत होडीच्या शिडासारखी दिसते आणि ती पुढच्या बाजूला असते. सोनोग्राफीत लगेच ओळखू येते. तिसरी बाब जास्त गंभीर आहे. फुफ्फुसातच पोकळ पाण्याची गाठ असेल आणि तिला ‘जन्मजात सिस्ट’ म्हणून सोडलं असेल, तर प्लुरोपल्मनरी ब्लास्टोमा नावाचा दुर्मीळ आजार मनात ठेवावा लागतो. तो डायसर-१ या जनुकातल्या दोषाशी जोडलेला असतो आणि भावंडांचीही तपासणी करावी लागते. तुमच्या वर्णनात यातलं काही बसत नाही.

गाठ छातीच्या पुढच्या भागात असती तर सगळा क्रमच उलटा झाला असता. तिथे लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) आणि जर्म सेल गाठी (बीजपेशींपासून होणाऱ्या) येतात. मूल आडवं केल्यावर गुदमरू शकतं, म्हणून भूल देणं धोक्याचं असतं, आणि रक्त किंवा फुफ्फुसाभोवतालचं पाणी तपासूनच निदान करायचा प्रयत्न होतो. ‘छातीत गाठ’ एवढ्या दोन शब्दांवरून कोणी सल्ला देत असेल तर तो घेऊ नका. गाठ पुढे आहे, मधे आहे की मागे, हे आधी विचारा.

आता मुख्य मुद्दा. अशा गाठीत पालक पहिला प्रश्न विचारतात तो सेंटिमीटरचा. सर्जन पाहतो ते गाठ कशाला बिलगली आहे ते. २००९ पासून जगभर जी टप्प्यांची पद्धत वापरतात, ती नेमकी यावरच उभी आहे. ऑपरेशनच्या आधीच्या चित्रांत काही ठरावीक धोक्याच्या खुणा शोधायच्या. एकही नसेल तर टप्पा एल-१. एक जरी असेल तर एल-२. दूर पसरला असेल तर एम. आणि १८ महिन्यांखालच्या बाळात फक्त त्वचा, यकृत आणि अस्थिमज्जेत थोडा पसरला असेल तर एमएस, जो नावाला पसरलेला असूनही बऱ्याचदा आपोआप ओसरतो.

छातीतल्या गाठीसाठी या खुणा मोजक्याच आहेत. महाधमनीला किंवा तिच्या मोठ्या फांद्यांना गाठीने वेढलं आहे का. श्वासनळी किंवा तिच्या मुख्य फांद्या दाबल्या आहेत का. गाठ खाली, नवव्या ते बाराव्या मणक्याच्या पातळीवर, बरगडी आणि मणक्याच्या सांध्यात घुसली आहे का. तिथून मज्जारज्जूला रक्त देणारी महत्त्वाची धमनी जाते आणि ती बंद पडली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. आणि कण्याच्या पोकळीत शिरली असेल तर किती. गाठ वर मानेकडे चढली असेल तर हाताच्या नसांचा गुंता आणि मानेच्या रक्तवाहिन्या या यादीत येतात.

तुमच्या रिपोर्टमधले ‘लागून’ आणि ‘थोडीशी’ हे दोनच शब्द सगळं अडवून बसले आहेत. गाठ धमनीला नुसती टेकली असेल तर ती धोक्याची खूण धरत नाहीत. धमनीच्या परिघाच्या निम्म्याहून जास्त भागाला विळखा असेल तरच ‘वेढलं’ म्हणतात. तसंच कण्याच्या पोकळीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग गाठीने व्यापला असेल, किंवा मज्जारज्जूभोवतीची पाण्याची पोकळी दिसेनाशी झाली असेल, किंवा रज्जूचा रंगच एमआरआयमध्ये बदललेला असेल, तर ती खूण; छिद्रातून डोकावणारं छोटं टोक म्हणजे खूण नव्हे. तेव्हा रेडिओलॉजिस्टकडे सीडी घेऊन जा आणि दोन गोष्टी आकड्यांत लिहून मागा: महाधमनीचा किती भाग वेढला आहे आणि कण्याची पोकळी किती व्यापली आहे. दुसरं उत्तर सीटीवरून नीट मिळत नाही, त्यासाठी कण्याचा एमआरआय करावा लागतो.

या वयात एमआरआय भूल देऊनच होतो. उपाशी ठेवण्याचे नेहमीचे तास असे: घन अन्न किंवा डब्याचं दूध ६ तास आधी बंद, अंगावरचं दूध ४ तास, साधं पाणी १ ते २ तास. पेज हे अन्न धरा, ‘पातळ आहे’ म्हणून पाण्यात मोजू नका. भूल रद्द होण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे आजीने पहाटे प्रेमाने भरवलेली दोन चमचे पेज.

लघवीच्या तपासणीत व्हीएमएबरोबर एचव्हीए हे त्याच जातीचं रसायनही मोजून घ्या, आणि दोन्ही क्रिएटिनिनच्या प्रमाणात मोजलेली हवीत. मग चोवीस तासांची लघवी गोळा करायची कसरत लागत नाही. प्रयोगशाळा नमुन्याच्या बाटलीत आम्ल घालून देते. ते आम्ल बाळाच्या अंगाला लागता कामा नये. लघवी आधी चिकटपिशवीत घ्या, मग बाटलीत ओता. बाटली उजेडापासून झाकून न्या. केळी-व्हॅनिला बंद करायला सांगणं हे जुन्या रंगचाचणीच्या काळातलं आहे, आताच्या पद्धतींत त्याने फारसा फरक पडत नाही. तरी प्रयोगशाळेने सांगितलं असेल तर दोन दिवस पाळा, वाद घालू नका.

त्यानंतर एमआयबीजी स्कॅन. गाठीच्या पेशी जे रसायन ओढून घेतात त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडून ते शिरेतून देतात आणि दुसऱ्या दिवशी संपूर्ण अंगाचं चित्र घेतात. आजार हाडांत किंवा मज्जेत पोचला आहे का ते यात कळतं. थायरॉइड वाचवण्यासाठी आदल्या दिवसापासून आयोडीनचे थेंब किंवा पोटॅशियम आयोडाइड देतात, ते विसरू नका. आणि हे लिहून ठेवाच: सर्दी-खोकल्याच्या सिरपमधलं फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन, तसंच नाक मोकळं करणारे काही थेंब, या स्कॅनचं चित्र पुसट करतात. तुमच्या मुलीला महिनाभर खोकला आहे म्हणजे घरात दोन-तीन बाटल्या असणारच. सगळ्या बाटल्या किंवा त्यांचे फोटो स्कॅन करणाऱ्यांना दाखवा. कोणतं औषध किती दिवस आधी थांबवायचं ते तेच सांगतील. दहातली एखादी गाठ एमआयबीजी घेतच नाही. तेव्हा पेट स्कॅन करतात.

अस्थिमज्जा दोन्ही बाजूंच्या कुल्ल्याच्या हाडातून घेतात, द्रवही आणि हाडाचा बारीक तुकडाही. एकाच बाजूने घेतलेला नमुना अपुरा समजा. एमआरआयच्याच भुलेत हे उरकता येतं, फक्त तसं आधी दोन्ही विभागांना एकत्र बसवून ठरवावं लागतं. आपोआप कोणी ठरवत नाही.

उरलं गाठीचं स्वतःचं वागणं, म्हणजे बायोप्सी. सुईने पेशी ओढून घेण्याची साधी एफएनएसी इथे पुरत नाही. पॅथॉलॉजिस्टला पेशींच्या भोवतालची बांधणी पाहायची असते आणि जनुकांसाठी वेगळा माल लागतो. जाड सुईने अनेक तुकडे, किंवा दुर्बिणीतून साधारण एक घन सेंटिमीटर. सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये बुडवला तर काही जनुक-तपासण्या अवघड होतात, म्हणून काही भाग ताजा किंवा गोठवून ठेवायचा. हा निर्णय ऑपरेशन टेबलापाशी, नमुना हातात असतानाच घ्यावा लागतो. बाटली एकदा बंद झाली की वेळ गेली. विचारायच्या गोष्टी तीन: गाठीला आक्रमक करणाऱ्या एमवायसीएन या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का, गुणसूत्रांचे तुकडे गळले आहेत का, विशेषतः १-पी आणि ११-क्यू (पहिल्या आणि अकराव्या गुणसूत्राचे भाग), आणि बांधणी अनुकूल आहे की प्रतिकूल. गाठ एल-१ असेल आणि थेट काढायचीच असेल तर वेगळी बायोप्सी लागत नाही. काढलेली गाठच तपासतात.

आता तुमच्या तीन डॉक्टरांकडे येऊ.

खुणा एकही नाहीत आणि आजार दुसरीकडे कुठे नाही, म्हणजे एल-१ ठरलं, तर पहिला सल्ला बरोबर: ऑपरेशन, आणि बहुतेक वेळा फक्त ऑपरेशन. अशा मुलांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त मुलं दीर्घकाळ जगतात आणि त्यांना केमो लागत नाही. गाठीचा कडेचा थोडा अंश राहिला तरी लागत नाही, आणि हे पालकांना पटवणं सर्वांत अवघड जातं. प्रौढांच्या कॅन्सरमध्ये ‘मुळासकट काढली का’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. या आजारात छिद्रात शिरलेलं बोटाच्या पेराएवढं टोक खरवडून काढण्यासाठी मज्जारज्जूशी खेळणारा सर्जन धाडसी म्हणावा, शहाणा नव्हे. ते टोक बऱ्याचदा तसंच राहतं, सुकतं, किंवा गँग्लिओन्यूरोमा नावाच्या निरुपद्रवी गाठीत बदलतं.

खुणा असतील, म्हणजे एल-२, तर दुसरा सल्ला बरोबर. आधी बायोप्सी, मग मध्यम ताकदीची केमो, गाठ आक्रसली की पुन्हा चित्र, आणि मग ऑपरेशन करायचं की नाही हा निर्णय. औषधं चार: कार्बोप्लॅटिन, एटोपोसाइड, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन. दर २१ दिवसांनी एक फेरी. किती फेऱ्या, ते गाठीच्या जनुकांवर आणि प्रतिसादावर अवलंबून: अनुकूल असेल तर दोन ते चार, प्रतिकूल असेल तर आठपर्यंत. मध्यम जोखमीच्या मुलांचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. औषधं पूर्वीपेक्षा बरीच कमी करूनही तीन वर्षांनी ९६ टक्के मुलं जिवंत होती. तेव्हापासूनची सगळी वाटचाल ‘आणखी किती कमी करता येईल’ याच दिशेने आहे.

तिसरा सल्ला, थांबून पाहण्याचा, ऐकायला आळशी वाटतो पण त्याला भक्कम आधार आहे. जर्मनीत एक वर्षाखालच्या ९३ बाळांच्या स्थानिक गाठी केमो न देता नुसत्या पाहिल्या. एमवायसीएन कोणातही वाढलेलं नव्हतं. त्यातल्या ४४ गाठी आपोआप आक्रसल्या. जपानने तर सहा महिन्यांच्या सगळ्या बाळांची लघवी तपासण्याची देशभरची मोहीम २००४ मध्ये थांबवली, कारण आपोआप विरणाऱ्या गाठी शोधून मुलांवर नाहक उपचार होत होते. मात्र बायोप्सीशिवाय थांबण्याची मुभा मुख्यतः १२ महिन्यांखालच्या, ५ सेंटिमीटरपर्यंतच्या, लक्षणं नसलेल्या एल-१ गाठींना देतात. तुमची मुलगी १४ महिन्यांची, गाठ साडेपाचची. म्हणजे बायोप्सी न करता थांबणं बसत नाही. एल-२ निघाली, बायोप्सीत सगळं अनुकूल आलं, श्वास-पाय ठीक असतील, तर १८ महिन्यांखालच्या मुलांत काही केंद्रं निरीक्षणाचा पर्याय देतात. तो घ्यायचा तर दर काही आठवड्यांनी मुंबईला किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथे चित्र काढायला जाणं जमलं पाहिजे. पहिले दोन-तीन महिने दर तीन ते सहा आठवड्यांनी, पुढे वर्षभर साधारण दर तीन महिन्यांनी. ‘थांबा’ म्हणजे घरी विसरून बसा असा अर्थ घेतला तर हा पर्याय तिन्हींत सर्वांत वाईट.

माझं मत विचाराल तर सीटीच्या या वर्णनावरून गाठ एल-१ निघण्याची शक्यता बरीच वाटते, आणि तसं असेल तर ऑपरेशन. पण एमआरआयमध्ये कण्यातला भाग एक तृतीयांशाहून जास्त निघाला तर मी ऑपरेशनला विरोध करीन आणि केमोने सुरुवात सुचवीन.

एमवायसीएन वाढलेलं निघालं तर मात्र वरचा सगळा हिशेब बदलतो. एल-२ आणि एमवायसीएन वाढलेलं म्हणजे उच्च जोखीम, वय कितीही असो. मग जोरदार केमो, ऑपरेशन, स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण, रेडिएशन, पुढे प्रतिपिंडांचं औषध आणि आयसोट्रेटिनॉइन असा वर्ष-दीड वर्षाचा पल्ला असतो. या वयात छातीतल्या गाठीत असं क्वचित होतं, पण तपासल्याशिवाय ‘क्वचित’वर विसंबू नये. रेडिएशन एरवी टाळायचंच असतं. वाढत्या मणक्यांवर, हृदयावर, मुलींत स्तनाच्या ऊतीवर त्याचे परिणाम वीस वर्षांनी दिसतात. युरोपात १८ महिन्यांवरच्या, प्रतिकूल बांधणीच्या एल-२ गाठींसाठी ते वापरतात. १४ महिन्यांच्या अनुकूल गाठीसाठी कोणी रेडिएशन सुचवलं तर दुसरा सल्ला घ्याच.

ऑपरेशन कसं होतं ते सांगतो, म्हणजे प्रश्न विचारता येतील. ५-६ सेंटिमीटरपर्यंतची, वाहिन्यांना न वेढणारी गाठ दुर्बिणीने काढता येते: तीन-चार छोटी छिद्रं, गाठ पिशवीत घालून एक छिद्र थोडं वाढवून बाहेर. नाहीतर पाठीकडून बरगड्यांमधून छेद. दुर्बिणीत दुखणं कमी, इस्पितळातला मुक्काम कमी, आणि बरगड्या एकमेकींना चिकटून पाठ वाकडी होण्याचा धोका कमी. पण त्यासाठी एक फुफ्फुस तात्पुरतं मिटवावं लागतं, आणि एवढ्याशा बाळात ते करणारा भूलतज्ज्ञ हवा. सर्जनपेक्षा मी भूलतज्ज्ञाचा अनुभव आधी विचारीन. ९.४ किलोच्या मुलीच्या अंगात एकूण रक्त जेमतेम ७०० ते ७५० मिली. म्हणजे ७० मिली, अर्धा कप चहाएवढं गेलं तरी दहा टक्के गेलं. बरगडीच्या धमन्या मणक्याच्या छिद्रापाशी तुटून आत आखडल्या की रक्त थांबवणं कठीण होतं. घाईत तिथे विजेचा डाग दिला तर रज्जूला इजा होऊ शकते, कापूस कोंबला तर दाब रज्जूवर येतो. म्हणून रक्ताची पिशवी जुळवून तयार असल्याशिवाय सुरुवात नको.

ऑपरेशननंतर छातीत नळी असते, बहुधा दोन ते चार दिवस. नळीतलं पाणी आधी लालसर, मग पिवळट होतं. दूध सुरू केल्यावर ते दुधाळ पांढरं झालं तर लिम्फची नळी, म्हणजे आतड्यातली चरबी रक्ताकडे नेणारी नळी, फाटली असं समजायचं. बहुतेक वेळा पुन्हा ऑपरेशन लागत नाही. दोन-तीन आठवडे चरबी जवळजवळ बंद करून एमसीटी तेलावरचं (या नळीत न जाता सरळ रक्तात शोषली जाणारी चरबी) दूध देतात, गळती भरून येते. इथे गोव्यातल्या घरांसाठी एक खास सूचना. खोबरेलात एमसीटी असतं असं कोणीतरी वाचून सांगतं आणि नारळाचा रस घातलेली आमटी सुरू होते. नारळातली बहुतेक चरबी त्याच फाटलेल्या नळीतून वाहते. त्या दिवसांत नारळाचा रस, सोलकढी, किसलेलं खोबरं सगळं बंद. नाचणीची किंवा तांदळाची पेज, मुगाचं पाणी, वरून आहारतज्ज्ञाने मोजून दिलेलं एमसीटी.

गाठ छातीच्या शेंड्याशी असेल तर त्या बाजूची पापणी थोडी खाली येणं, बाहुली लहान होणं, गालाला घाम न येणं, हे ऑपरेशनआधीच असू शकतं किंवा नंतर येऊ शकतं. याला हॉर्नर म्हणतात. दृष्टीला सहसा धोका नसतो, पण पापणी बाहुलीवर येत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. आधी सरळ उजेडात चेहऱ्याचे दोन फोटो काढून ठेवा. नंतर ‘हे आधीपासून होतं का’ या वादात तेच उपयोगी पडतात. आणि रक्तवाहिन्यांवर लावायच्या चिमट्या टायटॅनियमच्या आहेत ना, हे विचारा. पुढची कित्येक वर्षं एमआरआय करायचे आहेत.

केमो लागलीच तर पहिली चूक डोसात होते. मोठ्या मुलांचा डोस शरीराच्या पृष्ठभागावरून काढतात. एक वर्षाखालच्या किंवा १२ किलोंखालच्या बाळात बहुतेक आराखडे किलोवरून काढतात, म्हणजे चौरस मीटरचा आकडा भागिले ३०. फरक किरकोळ नाही. प्रचलित आराखड्यात कार्बोप्लॅटिन चौरस मीटरला ५६० किंवा किलोला १८ मिलिग्रॅम असतं. तुमच्या मुलीचा पृष्ठभाग साधारण ०.४५ चौरस मीटर धरला तर पहिल्या हिशेबाने २५० मिलिग्रॅम, दुसऱ्याने १७०. डोस डॉक्टरच ठरवतील; तुम्ही एवढंच विचारा की हिशेब किलोवरून केला आहे ना, आणि वजन आजचं धरलं आहे ना. कार्बोप्लॅटिन कानाला त्रास देऊ शकतं, म्हणून सुरुवातीला बेरा, म्हणजे बाळाच्या ऐकण्याची तपासणी. डॉक्सोरुबिसिनआधी हृदयाची इको. एटोपोसाइड तासाभरात हळू द्यायचं, भरभर सोडलं तर रक्तदाब कोसळतो. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं, म्हणून हाताच्या बारीक शिरेऐवजी सेंट्रल लाइन किंवा पोर्ट, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेली नळी, चांगली.

फेऱ्यांनंतर स्कॅनमध्ये गाठ ५.५ ची ४.४ झाली असं वाचून घरातले हिरमुसतात. हिरमुसू नका. लांबी, रुंदी, उंची तिन्ही त्याच प्रमाणात कमी झाल्या असतील तर आकारमान जवळजवळ निम्मं झालं. उलट निरीक्षणात असताना तिन्ही मापं फक्त १५ टक्क्यांनी वाढली तर आकारमान दीडपट होतं, आणि तिथे निरीक्षण थांबवून उपचार सुरू करतात. रिपोर्टमध्ये तिन्ही मापं लिहून घ्या. तिन्हींचा गुणाकार करून ०.५२ ने गुणलं की मिलिलिटर मिळतात.

केमोच्या काळात ताप म्हणजे एकदा १०१ फॅरनहाइट किंवा तासभर १००.४. आधी तपमान मोजा, गुदद्वारातून नव्हे, मग पॅरासिटामॉलचा विचार. इस्पितळात पोचल्यावर तासाभरात प्रतिजैविक शिरेतून सुरू व्हायला हवं. डिचोलीहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंतचा वेळ, पावसाळ्यातला चिखल, चतुर्थीतली गर्दी हे सगळं त्यात मोजा. रात्री दोन वाजता कोणाची गाडी मिळेल हे पहिल्या फेरीआधी ठरलेलं असू द्या. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर पुरळाची वाट न पाहता त्याच दिवशी फोन. जिवंत विषाणूंच्या लसी, म्हणजे गोवर-रुबेलासारख्या, थांबवा. मासे चालतात, पूर्ण शिजवलेले. विहिरीचं पाणी उकळून.

न थांबता निघायची लक्षणं आता सांगतो. रांगणारं किंवा उभं राहणारं मूल अचानक पाय टाकेनासं झालं, लघवी तुंबली, शौचावरचा ताबा गेला, तर रज्जूवर दाब आला आहे असं समजा. हे तासांचं काम आहे. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि तातडीची केमो हा बहुतेक वेळा पहिला मार्ग. मणक्यांची मागची कमान काढून दाब सोडवण्याचं ऑपरेशन झपाट्याने बिघडणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवतात, कारण त्यातून बऱ्याच मुलांची पाठ पुढे वाकडी होते. श्वास घेताना घरघर, निळसर ओठ, आडवं केलं की रडणं, हेही तसंच. आणि डोळे चारी दिशांना भिरभिरू लागले, हातपाय झटकू लागले, मूल तोल सांभाळेना, तर त्याला ऑप्सोक्लोनस म्हणतात. या गाठीविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं मेंदूवर उलटतात. गाठ काढून ते थांबेलच असं नाही. स्टिरॉइड आणि इतर उपचार लवकर सुरू करावे लागतात, नाहीतर बोलणं-शिकणं मागे पडतं.

खर्च आणि प्रवासाचं. एक्सरे, सीटी, सोनोग्राफी, रक्त हे बांबोळीत होतं. एमआयबीजी आणि जनुकांसाठी बहुतेक कुटुंबं परळला टाटा इस्पितळात जातात. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तीनपर्यंत सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत देतं. मुलीचं नाव कार्डावर चढलेलं आहे का ते आज पाहा, १४ महिन्यांच्या मुलांचं बहुधा राहून गेलेलं असतं. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी इस्पितळाने ठरावीक नमुन्यात भरून दिलेला दाखला लागतो. मुंबईत लांब मुक्काम लागला तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना मोफत राहायची सोय देते. टाटातल्या समाजसेवा विभागामार्फत पहिल्याच भेटीत विचारा, जागा मर्यादित असतात.

सीटीची मूळ सीडी, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि काचा स्वतःकडे ठेवा, फक्त कागदी रिपोर्ट घेऊन निघू नका. एका केंद्रातून दुसरीकडे जाताना ब्लॉक नसल्यामुळे बायोप्सी पुन्हा करावी लागते, आणि बाळाला आणखी एक भूल पडते.